दादा केनियात, फोन नगरसेवकाला

आमच्या बाबांचं काय सांगू तुम्हाला! माझा दादा कामासाठी केनियात गेला आणि पहिल्याच आठवड्यात त्याची बस भर हायवेवर बंद पडली. 'अडकलोय' एवढाच मेसेज आला, मग फोन बंद. इकडे कामोठ्यात बाबांनी काय करावं? नगरसेवकाला फोन लावला!

"बाबा, तो केनियात आहे, खांदेश्वरला नाही!"

"तू गप्प बस. ओळखीशिवाय कुठे काही होत नाही."

चार तासांनी दादाचा व्हिडिओ कॉल आला. डोक्याला रुमाल, हातात साबणाने माखलेलं ताट.

"गुरुद्वाऱ्यात आहे. इथे रेल्वेचे रूळ टाकायला आलेल्या शीख कामगारांनी बांधलाय. तेव्हापासून वाटेवरच्या कुणालाही जेवण आणि झोपायला जागा मिळते."

माझा जीव भांड्यात पडला. बाबांचा प्रश्न मात्र तयारच होता. "कुणाच्या ओळखीने घेतलं आत?"

"कुणाच्याच नाही. नावसुद्धा जेवण झाल्यावर विचारलं."

बाबा त्या ताटाकडे बघत म्हणाले, "घरी स्वतःचं ताट उचलत नाही हा! त्यांना सांग, अजून आठवडाभर ठेवून घ्या."