बीबीचा निरोप

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले, घरात पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ घालण्याची परंपरा, आणि मी मात्र शिकून विज्ञानाचा शिक्षक झालो, अबूधाबीच्या एका भारतीय शाळेत लागलो, मोहम्मद बिन झायद सिटीत बिऱ्हाड केलं. पण वडिलांचा संबळ बरोबर आणला. संबळ म्हणजे कमरेला बांधून काठ्यांनी वाजवायचं जोडवाद्य. आता गोंधळाचा एक नियम आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं नीट कळेल. आरंभी देवाला नाव घेऊन बोलवायचं आणि शेवटी नाव घेऊनच निरोप द्यायचा. ज्याचं नाव घ्याल, तो जातो. बोलावून अर्ध्यावर सोडायचं नाही.

झुहुरा मला बर दुबईत भेटली, एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात. झांझिबारची मुलगी, हॉटेलांतून गायची, स्वाहिली, अरबी आणि हिंदी अशी गुंफायची की सांधा दिसत नसे. मी हौसेने संबळ वाजवला तशी जवळ येऊन म्हणाली, सरजी, ये तो मेरी बीबी का ठेका है. बीबी म्हणजे त्यांच्याकडे आजी. ती आजी ढोलावर पूर्वजांना बोलवायची आणि नाव घेऊन परत पाठवायची. काय सांगू तुम्हाला, समुद्राच्या दोन काठांवर एकच शिस्त! मग आम्ही दोघांनी दोन्ही पद्धती मिळवून एक गाणं बांधलं, आणि बोलावण्यात झुहुराने वारलेल्या बीबीचंच नाव घातलं, प्रेमाने, दुसरं काही नाही.

पहिला कार्यक्रम फुजैराच्या एका हॉटेलात. बोलावणं असं रंगलं की लोक उभे राहिले, आणि आम्ही निरोपाकडे वळणार तोच आयोजक विंगेतून घड्याळ दाखवतो, यल्ला, खलास, नेक्स्ट आयटम. पडदा पडला.

नंतर रेकॉर्डिंग ऐकलं, तर झुहुराच्या आवाजाखाली दुसरा आवाज, म्हाताऱ्या बाईचा. मी म्हटलं प्रतिध्वनी असेल, माईकचा दोष असेल, म्हणून पडताळून पाहिलं. तिला भर दुपारी घरी बोलावलं, एसी बंद, माईक नाही, खिडक्या बंद. ती गायला लागली आणि आतल्या खोलीतून माझी मुलगी विचारते, बाबा, हू इज द अदर आंटी?

लोकांना मात्र तोच आवाज हवा होता. दोन गळ्यांची गायिका म्हणून तिचं नाव झालं, परदेशांतून बोलावणी आली. सुलभा, माझी पत्नी, म्हणायची, तुमच्या प्रमोशनपेक्षा आजीबाईंचं करिअर बरं चाललंय हो. आम्ही हसायचो. पण झुहुराचा स्वतःचा आवाज दर कार्यक्रमागणिक विरळ होत होता. एकदा तिने घरी फोन लावला, आणि पलीकडून तिची आईच विचारते, आई, तू तर गेलीस, मग कुठून बोलतेस? त्या दिवशी ती माझ्या दारात येऊन रडली, सरजी, नाम जाने दो, मुझे मेरी आवाज़ चाहिए.

मग राहिलेला निरोप पुरा करायचं ठरवलं. मी संबळ बांधला, ती समोर डोळे मिटून बसली. गाणं सुरू झालं, आणि माझं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं, तर ओठ मिटलेले. गात होता तो खालचा आवाज, एकटाच, आमच्याच चालीत, एकही मात्रा न चुकता, आणि नावाची जागा आली तेव्हा त्याने बीबीचं नाव घेतलं नाही. झु, एवढंच उच्चारलं. मी काठ्या टाकून दिल्या.

त्यानंतर संबळाला हात लावला नाही. ती गाते, आता मोठ्या मंचांवर गाते. दिवाळीला, ईदला फोन येतो. सरजी म्हणत नाही, बेटा म्हणते. बेटा, ते अर्धं राहिलंय ना, एक दिवस येते, पूर्ण करू. मी म्हणतो, इन्शाल्ला. इतकी वर्षं इथे राहून एवढं शिकलो, नाही म्हणायचं असलं की इन्शाल्ला म्हणावं. आत कुठेतरी ती पोरगी अजून आहे असं मी धरून चालतो. देव तिला तिथे राखो.