खरखरीचा माग

नसरापूरला एसटीची वाट बघत बसलेल्या शाहीनच्या कानावर मागच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं पडत होतं.

“रत्ने, तुझ्या मालकांचा तो परदेशी गप्पा मारायचा हॅम रेडिओ अजून खरखरतोय व्हय?”

“लई! लंकेतली ती बाई बोलाया लागली की हटकून. माझ्याशी दोन शब्द न्हाईत, अन् तिला रोज ‘गुड इव्हनिंग’!”

“कशानं खरखरतोय?”

“इंटरनेटच्या डब्यानं. नवा त्यांनी बंद केला, मावशी. जुना माळ्यावर हाय. ती बाई रेडिओवर आली की मी गुपचूप चालू करते.”

“अगं बया! त्यांना घावला न्हाई?”

“शोधत्यात की, गावातल्या कुणाचा तरी डबा आसंल म्हणून. रोज सांजचं आमी दोघं अँटेना घेऊन गावभर हिंडतो. जिकडनं खरखर जास्त, तिकडं डबा.”

“मग घावंल की गं!”

“अँटेना माझ्या हातात असती. घराकडं वळवतंय कोण?”