गाडी उचलून ठेवायची आहे

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात सुरुची वायपरसाठी ताटकळत उभी होती. तिच्या पुढच्या ठेंगण्या काकूंचं काही आटपत नव्हतं.

“गाडीखाली लावायचे चार स्टँड द्या.”

“चार? गॅरेज काढताय का?”

“नाही. गाडी उचलून ठेवायची आहे. एका जागी उभी राहून टायर बसायला लागलेत.”

“मग चालवा की. गाडी चालवायलाच असते.”

“मुलाची आहे. शुभंकरची. तो गेला. या दिवाळीत वर्ष होईल.”

दुकानदाराने रेडिओ बंद केला.

“हे घ्या, मजबूत आहेत. उचलणार कोण?”

“शेजारचे आमोद. त्यांना काय सांगू?”

“जमीन सपाट हवी. हँडब्रेक ओढायचा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड लावायचे. एक बाजू जॅकने उचलली की स्टँड लावायचे, जॅक उतरवून वजन त्यांच्यावर घ्यायचं, गाडी जरा हलवून बघायची. मग दुसरी बाजू. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरायचं नाही.”

“हँडब्रेक ओढलेला आहे. त्यानेच ओढलाय.”

“काकू, राग मानू नका. विकून का टाकत नाही?”

“एक जण आला होता बघायला. दार उघडून आत बसणार, तेवढ्यात मी किल्ली परत मागितली.”

“का हो?”

“माझ्याएवढाच ठेंगणा होता तो. बसल्याबसल्या त्याने सीट पुढे ओढली असती. शुभंकरचे पाय लांब होते.”