रविवारी उशिरा चढणारी नदी

अहिल्या : सही करा आणि जेवायला बसा. एका सहीसाठी किती वेळ पेनाचं टोपण काढून बसायचं माणसानं?

सूर्यकांत : शाई वाळते का बघतोय.

अहिल्या : विनोद नको. दिल्लीतल्या या द्वारकेत राहायला आल्यापासून सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी टँकरवाल्याची मनधरणी करतेय. उद्या तुमचा रिपोर्ट कमिटीने पास केला की आपल्या सेक्टरला जादा पाणी मिळणार, हे तुम्हीच सांगितलंत. खालच्या विश्वास भावजींनी तर पेढेसुद्धा आणून दिले.

सूर्यकांत : ते पाणी कुठून येणार, तेही सांगितलं होतं. वरच्या बंधाऱ्यातून उन्हाळ्यात यमुनेसाठी थोडं सोडतात, तेच. खाली नदी भरपूर वाहते असं मी लिहून दिलं की ते बंद करायचं आणि नळाला द्यायचं.

अहिल्या : मग? वाहतेय ना? तुमच्या स्टाफने महिनाभर मोजलंय.

सूर्यकांत : मोजणी अगदी बरोबर आहे. नदी रोज सकाळी चढते, दुपारी उतरते.

अहिल्या : वर पाऊस झाला असेल.

सूर्यकांत : मे महिन्यात, रोज? आणि रविवारी जरा उशिरा चढते.

अहिल्या : नदीला कसला रविवार?

सूर्यकांत : नदीला नाही, दिल्लीला. लोक आंघोळीला उशिरा जातात.

अहिल्या : शी.

सूर्यकांत : मलाही शंका आली, म्हणून आज स्वतः साइटवर गेलो. आपल्या मोजणीच्या जुन्या जागी पाणी घोट्याएवढं. वेग मोजायचं यंत्र बुडेना, आणि वेगाचा रकाना कोरा ठेवायची आपल्या ऑफिसात पद्धत नाही. मग स्टाफने यंत्र बुडेल अशी जागा शोधली. मोठा नाला नदीत पडतो, त्याच्या खाली.

अहिल्या : म्हणजे तुम्ही मोजलंत ते...

सूर्यकांत : करोल बागेचं धुणं. त्यात थोडं तुझंही.

अहिल्या : साहेबांना सांगितलंत?

सूर्यकांत : सांगितलं. म्हणाले, पानी तो पानी है, सूर्यकांतजी. मग रिटायरमेंट जवळ आलेल्या माणसाची पेन्शनची फाइल कशी हरवते, याची एक गोष्ट फार प्रेमाने सांगितली.

अहिल्या : आणि तुम्ही हे आत्ता सांगताय.

सूर्यकांत : तुझा पेढा संपू दिला.

अहिल्या : पण त्या घोटाभर पाण्यात वाचवण्यासारखं आहे तरी काय?

सूर्यकांत : माशांचा अभ्यास करणारी आमची पद्मजा आज माझ्यासोबत आली होती. नाल्याच्या वर बंधाऱ्याचं पाणी पोचतं, तिथे डबक्यांत माशांची पिल्लं आहेत. नाल्याखाली तिने जाळं टाकलं, तर चप्पल आली. डाव्या पायाची.

अहिल्या : पिल्लांसाठी अख्खी सोसायटी कोरडी ठेवायची? लिफ्टमध्ये लोकांना काय सांगू मी?

सूर्यकांत : ते मला माहीत नाही. तुझंही खरं आहे. मला फक्त नाल्याला नदी म्हणता येत नाहीये.

अहिल्या : आणि म्हणालात तर?

सूर्यकांत : नळाला पाणी येईल, सोसायटी तुला शाल देईल. आणि त्यानंतर यमुना आपण आंघोळ केली तरच वाहील.

(फोन वाजतो. कोणीच उचलत नाही. थांबतो.)

अहिल्या : साहेबच?

सूर्यकांत : तेच असणार. कमिटीपुढे जाण्याआधी मला जुन्या जागेचा आकडा हवाय. सकाळी तिथूनच जातो.

अहिल्या : यंत्र बुडत नाही म्हणता ना?

सूर्यकांत : यंत्र नसलं की आम्ही लिंबू वापरायचो. पाण्यावर सोडायचं आणि काठाकाठाने त्याच्याबरोबर चालायचं. ते जाईल तो नदीचा वेग.

अहिल्या : आणि जागचं हललंच नाही तर?

सूर्यकांत : तर तसं लिहायचं. खाली सही.

अहिल्या : भावजींचे पेढे परत करावे लागतील.

सूर्यकांत : त्यातले दोन आता पोटात आहेत.

अहिल्या : चलो, जेवा आधी. फ्रिजमध्ये एकच लिंबू उरलंय, सकाळी आठवणीने न्या.

सूर्यकांत : काळजी करू नकोस. बहुतेक जागचं हलणार नाही, परत आणीन.

अहिल्या : नाही आणलंत, तर मला बरं वाटेल.