अकरा नंबरच्या आजोबांची कवळी

...आणि दात हरवले आजोबांचे, तर सगळे तोंडाकडे बघतायत माझ्या! आता मी काय आजोबांची कवळी घालून हिंडणार? पण नाही! सकाळी चादरी कुणी बदलल्या? मावशींनी. मग कवळी कुणी घालवली? मावशींनी! तुम्हाला सांगते, चौदा वर्षं या वॉर्डात मावशी म्हणून राबतेय, पण असा दिवस वैऱ्यावरही येऊ नये. आणि आमचं काही साधंसुधं नाही हं... सात मजले, तीन लिफ्ट, त्यातली एक चालू... मोठ्ठं हॉस्पिटल!

तर अकरा नंबरचे आजोबा. गरीब माणूस, कुणाला त्रास नाही. पण त्यांची लेक! अंगानं एवढीशी, आवाज सातही मजले चढेल असा. “काल वाटीत कवळी होती, आज नुसती वाटी आहे! बाबा जेवणार कशानं? मला लेखी तक्रार द्यायचीय!” आजोबा बिचारे हात हलवून काहीतरी सांगत होते, “फाफाईच्या फिफवीत... फाफाईच्या...” तर ही म्हणते, “बघा, भुकेनं बरळायला लागले!”

आमच्या इन्चार्ज सिस्टर ओरडत नाहीत. ओरडल्या तर बरं, पण त्या हळू बोलतात. “मावशी, चारपर्यंत शोधा. नाहीतर मला तक्रार वर पाठवावी लागेल.” आमचं काम कंत्राटी, दर वर्षी सही होते, आणि ती सही होती सोमवारी. फाइलीत एक तक्रार दिसली की साहेब पेनाला टोपण लावतात. घरी नवऱ्याचे गुडघे गेलेले, लेकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष... कवळी आजोबांची, पण घास आमच्या तोंडचा जायची वेळ!

धावले खाली. हरवलेल्या वस्तूंची खिडकी. तिथले वॉचमनदादा फॉर्म काढून बसले. “वस्तूचा रंग?” म्हटलं, दातांचा. “वस्तू शेवटची कुठे पाहिली?” म्हटलं, तोंडात! “तोंडाचा रकाना नाही. आणि मावशी, वॉर्डातल्या वस्तू आमच्याकडे येत नाहीत, लाँड्रीत विचारा.” मग अर्धा तास कशाला घेतलात हो, दादा? पण विचारणार कुणाला... मोठ्ठं हॉस्पिटल!

लाँड्री तळघरात. तिथे चादरींचा हा डोंगर! लाँड्रीवाले म्हणाले, “चिठ्ठी आणा सिस्टरची.” तिथे मात्र माझा बांध फुटला. त्या ओल्या गोणीवर बसले आणि रडले हो, चांगली हुंदके देऊन रडले. तो माणूस गडबडला, पाण्याची बाटली पुढे केली, मशीन बंद केलं आणि स्वतः हातमोजे चढवले. “चला मावशी, कुठल्या मजल्याच्या?” एकेक चादर झटकली आम्ही. काय काय निघावं? दोन चमचे, एक चार्जर, डाव्या पायाचा मोजा, कुणाचा तरी अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा... दात नाहीत!

पावणेचारला वर आले. जिन्यानं! लिफ्टमध्ये डॉक्टर अडकले होते. लेक तक्रार लिहून, घडी घालून बसलेली. मी सिस्टरना म्हटलं, “पाठवा वर. नाही सापडली.” सिस्टरनी कागद हातात घेतला, आणि तेवढ्यात दारातून आल्या आजी. आजोबांच्या मंडळी. हळूहळू चालत आल्या, पिशवी टेबलावर ठेवली, आतून डबी काढली, डबीतून रुमाल, रुमालातून... कवळी! लखलखीत!

“काल तू औषधं आणायला गेलीस ना, तेव्हा नेली घरी,” आजी लेकीला म्हणतात. “इथे कोण नीट घासणार? ह्यांना सांगून गेले होते की मी!”

आजोबांनी कवळी बसवली, दोनदा टकटक वाजवून बघितली आणि म्हणाले, “सकाळपासून सांगतोय, म्हातारीच्या पिशवीत, म्हातारीच्या पिशवीत! कुणी ऐकेल तर शपथ!”

अहो, काय सांगू तुम्हाला! मटकन स्टुलावर बसले आणि हसायला लागले, ते थांबेचना. सिस्टरनी कागदाचे चार तुकडे केले. लेक जवळ आली, सात मजली आवाज पहिल्यांदाच खाली उतरवून म्हणाली, “चुकलं माझं, मावशी.” म्हटलं, जाऊ दे गं बाई, दात मिळाले ना! छातीवरचा धोंडा उतरला. घरी जाऊन दोन दिवस अशी झोपले, की नवऱ्यानं नाडी बघितली.

सोमवारी सही झाली! वर्षभराची! नाचतच वॉर्डात आले, तर सिस्टरनी हातात नवी कोरी वही दिली. “मावशी, आजपासून सगळ्या पेशंटच्या कवळ्या सकाळ-संध्याकाळ तुम्ही तपासायच्या.”

मी म्हटलं, “सिस्टर, हे माझं काम आहे का?”

“कुणाचंच नाही,” त्या हळूच म्हणाल्या, “म्हणूनच तुमचं.”

घेतली वही. करते काय! आता रोज सकाळी खाटेखाटेपाशी उभी राहते आणि म्हणते, “आ करा...”