तुकिजान मिस्त्रीची उधारी

...नाही, ते पाकीट आधी पर्समध्ये टाक बघू. टाक म्हणते ना! विजी, तुकिजान मिस्त्रीची लेक तू, मलेशियातून इतक्या लांबून आलीस ती काय मेलेल्या बापाच्या सिमेंटचे पैसे माझ्या तोंडावर मारायला? चहा घे. गोड झालाय? असू दे, पी — आणि वसुली मला नको शिकवू, या दुकानात केस पिकले माझे, एकाची उधारी बुडू दिली नाही. कशी विचार! आरडाओरडा नाही, पोलीस नाही. संध्याकाळी शेजारपाजारचे अंगणात बसलेले असले की जायचं आणि गिऱ्हाइकाच्या ओसरीवर बसायचं. पैशाचं नाव काढायचं नाही. तब्येत विचारायची, कोंबड्यांची चौकशी करायची. दारी आलेल्याला चहा द्यावाच लागतो, आणि चहा संपला तरी बाई हलत नाही म्हटल्यावर गल्लीला काय कळायचं ते कळतं. दोन-चार संध्याकाळी अशा गेल्या की माणूस आपल्या पायांनी दुकानात येतो.

तुझा बाप मात्र — मी जाऊन बसले की हसायचा. "बाई, आज चहाला की वसुलीला?" तुझी आई जाऊन वर्षं झालेली, माझे हेही गेलेले. थोडे पैसे हातावर ठेवायचा, लगेच नवी गोणी उधार न्यायचा. फिटली का कधी उधारी? नाही. मी फिटू दिली का? — जाऊ दे ते.

काय? मयतीच्या दिवशीचं? हो, मशिदीतल्या इमामांनी विचारलं — जनाजा उचलायच्या आधी विचारतातच — की मयताकडे कुणाचं येणं असेल तर आत्ता सांगा, नाहीतर माफ करा. सगळे म्हणाले, माफ. ती तांदूळवाली, एरवी दाणा सोडत नाही, तीसुद्धा. मी गप्प. मागितलं नाही, सोडलंही नाही. म्हातारी पैशाला चिकटलीय म्हणाले लोक, म्हणू देत! देणं राहिलेला जीव पुढे जात नाही, अडकतो, हे लहानपणापासून ऐकलेलं — आणि माफ म्हटलं की संपलंच ना गं सगळं.

नाही गेला तो. दिवेलागणीला येतो. पहिल्यांदा आला तेव्हा केसांत सिमेंटची धूळ, पायाला कबरीची ओली माती, तिथे खिळ्यांच्या पेट्यांपाशी मान खाली घालून उभा. "बाई, थोडी मुदत द्या." दिली मी. काय करणार? दुसऱ्या दिवशी परत तेच. आता हसत नाही गं तो. चहा ठेवते, हात लावत नाही. भीती वाटते, रोज वाटते — पण एखाद्या दिवशी यायचाच नाही, याची त्याहून वाटते.

तुझ्या स्वप्नात बंद दारापुढे उभा असतो? पाणी मागतो? — माझ्याकडे असं बघू नकोस. दार कुणी लावलंय ते ठाऊक आहे मला. एक शब्द बोलायचा फक्त. ओठांवर येतो, गिळते.

पाया नको पडू. ऊठ. रडूही नकोस, पाकीट उचल — अंधारून आलं, बघ. मागच्या दाराने जा, पोरी, लवकर. लेकीसमोर मुदत मागायची लाज वाटेल त्याला.