बाबांचा बाक आणि शेवटची टोपली

...नाही नाही, हसू नका, हे कपाळावरचं टेंगूळ दार लागून आलेलं नाही! बायको सगळ्यांना दार सांगते, कारण खरं सांगायची तिला लाज वाटते. तुम्हाला सांगतो, माणसाने काय वाटेल ते आखावं, गटार आखावं, स्मशानाची भिंत आखावी... मी आखलीय, आतल्या एकाचीही अजून तक्रार नाही! पण डिस्क गोल्फचं मैदान आखू नये. म्हणजे काय विचारताय? अहो, चेंडू नाही, काठी नाही. खांबावर एक लोखंडी टोपली, वर साखळ्या लोंबताहेत, आणि लांबून हातातली तबकडी भिरकावून तिच्यात पाडायची. एक टोपली झाली की पुढची. झालं! ऐकायला किती गोड ना? मलाही गोडच वाटलं होतं.

आमच्या उद्यान खात्याचे मोठे साहेब म्हणाले, "हे बघा, मैदान सुरक्षित हवं. मजेदारही हवं. पण थोडा थरार पाहिजे हं!" थरार! हा शब्द ऐकला आणि मी साहेबांसमोरच बागेचा नकाशा उघडला. कारण थरार कुठे घालणार? ज्या बागेत घालायचा त्याच बागेत, तळ्याच्या कडेच्या बाकावर, आमचे बाबा बसतात. रोज सकाळी. खेळणाऱ्यांकडे पाठ करून, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून, आणि कानातलं यंत्र काढून खिशात ठेवून! का? तर म्हणे, "घरात तुमची बडबड ऐकतो, इथे तरी शांतता हवी." आता अशा माणसाच्या डोक्याच्या दिशेने तबकडी निघाली तर त्याला सांगायचं कसं? पत्र पाठवायचं?

मी साहेबांना म्हटलं, बाक हलवू. "छे छे, देणगीतला बाक आहे, हात लावायचा नाही." बाबांना म्हटलं, तुम्ही हला. ते म्हणाले, "मी आधीपासून बसतोय. तू तुझी टोपली हलव." टोपली हलवायला गेलो तर साहेब म्हणाले, "शेवटची टोपली तळ्यापाशीच! फोटोत पाणी आलं पाहिजे." बायको म्हणाली, "अहो, बाबांना नुसतं खरचटलं ना, तरी रात्रीचं जेवण मैदानातच करा तुम्ही." म्हणजे बघा, सगळे आपापल्या जागी घट्ट, आणि हलतोय कोण? मी!

मग मी अभ्यास केला. खरंच केला हो! उतारावरून फेक नको, डोळ्यांवर ऊन नको, फेकणाऱ्याला न दिसणारा रस्ता मध्ये नको, एक टोपली संपली की दुसरीकडे जाणारी पायवाट फेकणाऱ्यांच्या मागून. आणि रोज कचेरीतली माणसं नेऊन तबकड्या फेकायला लावल्या. लेखनिक, ड्रायव्हर, पाणीपुरवठ्याचे इंजिनियर, टायपिस्ट बाई, सगळ्यांनी फेकल्या. आणि मला शोध लागला! तबकडी सरळ जाते, सरळ जाते, दम संपला की हळूच झुकते, आणि कुठे? डावीकडे! कोणीही फेको, तबकडी शेवटी डावीकडेच वळते! मी आनंदाने नाचायचाच बाकी होतो. ताबडतोब शेवटची टोपली अशी लावली की बाबांचा बाक आला उजवीकडे. डावीकडे नुसतं गवत. पडा म्हणावं किती पडायचं ते!

तरी तो आमचा माळी... काय माणूस आहे! टोपलीचा खांब पुरायला खड्डा खणतोय, आणि खणता खणता थांबून बाकाकडे बघतोय. "साहेब, म्हातारबाबा रोज इथेच बसतात का?" म्हटलं, हो. "हं." नुसतं हं! परत खणतोय. "आज कावळेसुद्धा नाहीत बघा झाडावर." अरे, नसतील, गेले असतील कुठे कामाला! मी त्याला ओरडून सांगितलं, तबकडी शेवटी डावीकडेच वळते! तो म्हणाला, "वळू दे साहेब. खड्डा मात्र चांगला खोल झालाय." तुम्हीच सांगा, असं बोलतात का?

रात्री झोप लागेना. डोळे मिटले की साखळ्या खळखळायच्या. बायको विचारायची, "काय पुटपुटताय?" मी म्हणायचो, तबकडी शेवटी डावीकडेच वळते. ती कूस बदलून म्हणायची, "तुम्हीही वळा आता."

आणि उजाडला उद्घाटनाचा दिवस. वारा नाही. पान हलत नाही. तळ्याचं पाणी कसं काळंशार, स्वस्थ. पाहुणे आले, चांगले धिप्पाड, पूर्वी गोळाफेक करायचे म्हणे. तबकात कात्री आली. पाहुण्यांनी कात्री उचलली आणि फीत कापायला लागले, तर फीत कापेना! नुसती चुरगळतेय, चावल्यासारखी. सगळे हसताहेत, साहेब हसताहेत, पाहुणे स्वतः हसताहेत, आणि मी मात्र त्या कात्रीकडे बघतोय...

कात्री डाव्या हातात होती.

अहो, आमच्या कचेरीत एकही डावखुरा नाही हो! एकही! कोणाच्या डोक्यात येणार? डाव्या हाताची तबकडी वळणार कुठे? मी साहेबांच्या कानाशी लागलो, साहेब, पाहुणे डावखुरे आहेत! ते टाळ्या वाजवत म्हणाले, "वा वा, मोठी माणसं असतातच!" तोवर पाहुणे थेट शेवटच्या टोपलीवर फेकायला उभे, फोटोसाठी! मी पळत सुटलो. "बाबा! बाबा उठा!" उठतायत कसले, यंत्र खिशात! मागे टाळ्या झाल्या, म्हणजे तबकडी सुटली. काय सुंदर गेली हो, सरळ, अगदी सरळ, मला क्षणभर वाटलं वाचलो... आणि मग तिने आपला विचार बदलला. उजवीकडे! बाबांचं टक्कल उन्हात चमकतंय आणि ती भिंगरी तिकडेच! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला आराखडा आठवला नाही, साहेब आठवले नाहीत. एवढंच वाटलं की माझे बाबा जाणार, आणि माझ्याच हातच्या आखणीने. मी उडी मारली.

खाड!

डोळे उघडले तर मी बाकावरून घरंगळून बाबांच्या पुढ्यात आडवा, आणि वर वर्तमानपत्राच्या कडेवरून बाबांचा चेहरा. धडधाकट. मला रडूच आलं. बाबा म्हणाले, "लोळतोस काय? कपडे कोण धुणार?"

साहेब धावत आले. मला वाटलं, आता तरी टोपली हलेल. ते म्हणाले, "काय थरार झाला हो! फोटो अप्रतिम आलाय!" टोपली हलली नाही. बाक हलला नाही. बाबा तर नाहीच. वरून हुकूम आला की सुरक्षेचा बंदोबस्त आखणी करणाऱ्यानेच करावा. म्हणून हल्ली रोज सकाळी हेल्मेट घालून, टोपली आणि बाबा यांच्या मधोमध मी उभा असतो, येणाऱ्या प्रत्येकाचा हात बघत. आणि मागून बाबा काय म्हणतात माहितीये?

"अरे, बाजूला हो जरा. ऊन अडवतोस."